परळचा हाफकिन

हाफकिन हे नाव मुंबईत ठाऊक नाही असा माणूस विरळा. परळच्या इस्पितळांच्या गर्दीत ही संस्था उभी आहे, सापाच्या विषावरचे औषध आणि पोलिओचे डोस म्हटले की तिचे नाव निघते. पण हाफकिन हा माणूस कोण होता असे आपल्या वर्गात विचारले तर बहुतेक जण गप्प बसतील. काही जण धाडस करून तो कोणी इंग्रज गव्हर्नर असावा असे सांगतील. परवापरवापर्यंत माझीही समजूत याहून फार वेगळी नव्हती. तो इंग्रज नव्हता, गव्हर्नर तर नव्हताच, आणि गंमत म्हणजे डॉक्टरही नव्हता.

या माणसाकडे मी वळलो तो एका साध्या प्रश्नामुळे. मी गोराईचा. खाडी ओलांडून रोज बोरिवलीला येतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात तापाची साथ होती. आजीला मधुमेह आहे, म्हणून बोरिवलीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला फ्लूची लस घ्यायला सांगितले. घरी त्यावरून दोन दिवस चर्चा झाली. शेजारच्या काकूंचे म्हणणे, लस घेतली की तापच येतो. काकांचे म्हणणे, करोनाच्या दोन झाल्या, आता आणखी कशाला, आणि हिला तर दरवर्षी घ्यावी लागते म्हणतात! आजी सगळ्यांचे ऐकत होती. शेवटी तिने एवढेच विचारले की डॉक्टरांनी स्वतः घेतली आहे का. आम्ही हसलो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे हाफकिनचे चरित्र वाचताना मला उमगले. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या लोकांना नेमका हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचे उत्तर एका परदेशी माणसाने लोकांनी विचारण्याआधीच स्वतःच्या शरीरावर देऊन ठेवले होते.

वाल्डेमार हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. झारच्या राज्यात ज्यू असणे म्हणजे काय, हे समजायला आपल्याला फार कल्पना लढवावी लागू नये. जन्मावरून माणसाचे दार बंद करण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. ओडेसातल्या तरुणांनी स्वसंरक्षणासाठी दल उभारले त्यात विद्यार्थी हाफकिन होता, त्यात तो जखमी झाला आणि पकडलाही गेला. त्याला सोडवले ते त्याचे प्राध्यापक मेचनिकॉव्ह यांनी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात हे दाखवून पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकॉव्ह. हाफकिनचा विषय प्राणिशास्त्र. काही वर्षे त्याने ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले, एकपेशीय जीवांवर लेख लिहिले. पण ज्यू राहून पुढे जाण्याची वाट तिथे नव्हती. १८८८ साली तो जिनिव्हाला गेला, तिथून १८८९ मध्ये पॅरिसला. गुरू मेचनिकॉव्ह तोवर पाश्चर संस्थेत पोहोचले होते. शिष्याला देण्यासारखी जागा मात्र संस्थेत एकच होती, ग्रंथपालाच्या मदतनिसाची. त्याने ती घेतली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे.

त्या वेळी कॉलऱ्याने रशियापासून युरोपपर्यंत धुमाकूळ घातला होता. कॉलऱ्याच्या जंतूंपासून लस करण्याचे काम हाफकिनने हाती घेतले. गिनीपिग आणि ससे झाले. पुढचा प्राणी माणूस. १८ जुलै १८९२ रोजी त्याने ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, तो बरा झाला. मग दुसरा डोस. त्यानंतर त्याचे रशियन मित्र पुढे झाले. महिनाअखेरीस त्याने आपले निष्कर्ष पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवले. विद्वानांनी काही लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्या रशियाने त्याला नाकारले होते त्या रशियालाच त्याने लस देऊ केली, पण रशियाने ती घेतली नाही. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. कॉलऱ्याचे माहेरघर हिंदुस्थान, तेव्हा प्रयोग तिथेच करावा, ही कल्पना त्यांची. १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरला.

कलकत्त्याचा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण माझे लक्ष मुंबईकडे आहे. पण एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. १८९४ मध्ये शहराचे आरोग्य अधिकारी सिम्प्सन यांनी त्याला तिथल्या बस्त्यांमध्ये बोलावले. बस्त्या म्हणजे झोपडपट्ट्या. एकाच तळ्याचे पाणी पिणारी, दाटीने राहणारी माणसे. सुया घेऊन आलेला गोरा माणूस पाहून लोक बिथरले, दगड भिरकावले गेले. हाफकिनने आपल्याच अंगात सर्वांदेखत सुई टोचवून घेतली. मग एकेक करून माणसे पुढे आली. त्याच्याबरोबर बंगाली डॉक्टरही होते आणि ते लोकांशी लोकांच्या भाषेत बोलत होते, ही गोष्टही मला तितकीच महत्त्वाची वाटते. दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थान, बंगाल, आसामचे चहामळे असे फिरत त्याने चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. मग मलेरियाने गाठले आणि तो युरोपला परतला. १८९६ मध्ये तो पुन्हा आला, आणि नेमका त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. हे व्हिएगस गोव्याचे. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो माणसे त्याच्या जवळून जातात, पण मान वर करून पाहणारा क्वचितच. मांडवी म्हणजे बंदर, धान्याची कोठारे, आणि कोठारांत उंदीर. उंदीर आधी मरतात हे लोकांनी पाहिले होते. पण उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते ही गोष्ट तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ती १८९८ साली कराचीत ताडली, आणि तिला मान्यता मिळायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९६-९७ मध्ये मुंबईत जे काही चालले होते ते अंधारात चाचपडणे होते. घरे धुतली जात, गटारांत औषध ओतले जाई, मेलेल्याचे सामान जाळले जाई. लोक गाव सोडून पळू लागले. काही महिन्यांत मुंबई जवळजवळ निम्मी रिकामी झाली. गिरण्यांना माणसे मिळेनात. ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत लोकांनी त्या काळात रस्त्याच्या कडेला क्रूस उभारले. वांद्र्याला आणि गिरगावच्या बाजूला असे क्रूस अजून दिसतात. आमच्या बाजूच्या गावांतूनही नाक्यानाक्यावर क्रूस आहेत, त्यामुळे प्लेगचे क्रूस हे शब्द मला वाचायला मिळाले तेव्हा ते पुस्तकातले वाटले नाहीत.

हाफकिन ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुंबईत आला. त्याला जागा मिळाली ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, एक खोली आणि एक व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. यांपैकी कोणालाही प्रयोगशाळेचे शिक्षण नव्हते. एवढ्या फौजफाट्यावर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. अति श्रमाने त्याच्या एका मदतनिसाची प्रकृती ढासळली, तरी काम थांबले नाही.

ही लस कशी करीत हे थोडे सविस्तर सांगतो, कारण यात विज्ञान आहे तसाच शहाणपणाही आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात त्यासाठी सर्रास गोमांस वापरीत. हाफकिनने बकऱ्याच्या मांसाचा रस्सा वापरला, म्हणजे हिंदूची हरकत नको आणि मुसलमानाचीही नको. मोठ्या काचेच्या चंबूत तो रस्सा भरायचा, वर तूप किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडायचे. त्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू वाढत आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली लोंबत. चंबू हलवला की ते खाली गळून पडत आणि वर नवे वाढत. असे पाच-सहा आठवडे चाले. मग तो रस्सा तासभर तापवून जंतू मारायचे, आणि तो खराब होऊ नये म्हणून थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. झाली लस. तीत जिवंत काही नाही. मेलेल्या शत्रूचे प्रेत शरीराला दाखवून ठेवायचे, म्हणजे जिवंत शत्रू आला की शरीर त्याला ओळखते, अशी ही युक्ती. आपल्या स्वयंपाकघरातले तूप आणि खोबरेल प्लेगच्या लशीत होते हे वाचून मला फार मौज वाटली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ही लस स्वतःला टोचवून घेतली. मात्रा होती १० घनसेंटिमीटर, पुढे लोकांना देत त्याच्या सुमारे चौपट. सडकून ताप भरला, टोचलेली जागा सुजून दुखू लागली, काही दिवसांत उतरली. त्यानंतर कॉलेजातली मंडळी पुढे आली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि ३० जानेवारीला तिथल्या कैद्यांपैकी जे स्वखुशीने तयार झाले त्यांना लस दिली गेली. सुमारे दीडशे जणांनी घेतली, त्याहून थोड्या अधिकांनी घेतली नाही. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता असे तिघे त्याच दिवशी आजारी पडले आणि दगावले. त्यानंतर आठवडाभरात न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला, सहा मेले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. कैद्यांची स्वखुशी किती स्वखुशी असते, असा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो विचारलाच पाहिजे. पण हाफकिनने जे त्यांना दिले ते वीस दिवस आधी चौपट मात्रेत स्वतः घेतले होते, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे लागते.

आता याच वर्षी इकडे दुसरे काय चालले होते ते पाहू. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. हाच कायदा १२३ वर्षांनी, करोनाच्या वेळी, पुन्हा बाहेर काढला गेला. या कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचा, माणसाला उचलून इस्पितळात नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरे आणि माजघरे त्यांनी तुडवली. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाली. आपण हा सगळा इतिहास राजकारणाच्या तासाला शिकतो आणि लशीचा इतिहास कुठल्याच तासाला शिकत नाही. माझ्या मते ही दोन्ही प्रकरणे एकाच पानावर असायला हवीत. एकाच रोगाशी लढायला एकाच सरकारचे दोन हात पुढे आले होते. एका हातात संगीन होती, ती पाहून लोक लपले. दुसऱ्या हातात सुई होती, आणि ती कुणावर सक्तीने चालवावी याला हाफकिनचा विरोध होता. अर्थात सामान्य माणसाला हे दोन हात वेगळे ओळखू येणे कठीण होते. लस घेतली की माणूस मरतो, लस म्हणजे बाटवण्याचा डाव, अशा अफवा मुंबईत भरपूर उठल्या.

या अफवा मोडायला आगाखान पुढे आले. तिसरे आगाखान त्या वेळी जेमतेम विशीचे होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस घेतली, एकदा नव्हे अनेकदा, आणि नंतर प्रयोगशाळेसाठी आपला खुशरू लॉज नावाचा बंगला देऊ केला. खोजा समाजातल्या हजारो माणसांनी लस घेतली. बाकीची मुंबई कुरकुरत का होईना मागोमाग आली.

बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावची गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग असताना हाफकिनने प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले, अर्ध्यांना लस दिली, अर्ध्यांना दिली नाही. ७१ जणांनी घेतली, त्यांपैकी ८ आजारी पडले आणि ३ गेले. न घेतलेले ६४, त्यांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. लशीचा गुण सिद्ध झाला यात शंका नाही. एकाच छपराखाली, एकाच ताटात जेवणारी माणसे, त्यामुळे तुलनेत खोट काढता येत नाही. आणि तरीही त्या सव्वीस जणांचा विचार मनातून जात नाही. एका घरात भाऊ वाचला आणि बहीण गेली असेल, तर त्या घरात पुढे काय बोलणे झाले असेल? हाफकिन देवमाणूस होता असे लिहून मोकळे व्हायला मला या गावापाशी जमत नाही. त्याच्या काळातल्या इतर शास्त्रज्ञांना पुरावा हवा होता, पुराव्याशिवाय ते लस मानायला तयार नव्हते, हे खरे. किंमत उंधेऱ्याने मोजली, हेही खरे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेगची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये सुरू झाली. या वास्तूचा इतिहासही नमुनेदार आहे. मुळात ते पोर्तुगीजांच्या काळातले चर्च. पुढे इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच कॉलऱ्याने वारल्या आणि गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. ज्या घरातून कॉलऱ्याने गव्हर्नरांना हुसकावले त्या घरात कॉलऱ्याची लस करणारा माणूस राहायला आला! नाचाच्या दिवाणखान्यात आता लांबच लांब टेबलांवर रश्श्याचे चंबू मांडले गेले. व्हरांड्यातला एक कारकून आणि तीन शिपाई इथवर पोहोचले होते. १८९७ पासून १९२५ पर्यंत इथून अडीच कोटींहून अधिक डोस देशात आणि देशाबाहेर गेले.

मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस उजाडला. पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ माणसांना लस टोचली गेली. पाच बाटल्या वापरल्या. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस ज्यांना मिळाली ती १९ माणसे धनुर्वाताने मेली. बाकीच्या चार बाटल्यांच्या माणसांना काही झाले नाही. चौकशी आयोग बसला. आयोगाचे म्हणणे पडले की दोष बाटली उघडण्यापूर्वीचा, म्हणजे परळचा. प्रयोगशाळेने वेळ वाचवण्यासाठी कार्बोलिक आम्ल घालणे सोडून केवळ उष्णतेवर भर दिला होता, ती गोष्ट हाफकिनच्या विरोधात गेली. त्याला कामावरून दूर केले गेले.

पण कागद नीट वाचले तर वेगळेच दिसते. ती बाटली परळला ४१ दिवस आधी भरली होती. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच आत शिरले असते तर इतक्या दिवसांत लशीला उग्र दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला कसलाही वास आला नव्हता. उलट, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्वाळेवर न धरता नुसता औषधात बुडवून तसाच वापरला गेला. गावातली माती आणि धनुर्वात यांचे नाते आपल्याकडे शेतावर काम करणाऱ्या माणसालाही ठाऊक असते. हे सगळे आयोगापुढे होते. तरी ते चार वर्षे तसेच पडून राहिले आणि अहवाल १९०६ च्या अखेरीस छापला गेला.

हाफकिन लंडनला गेला आणि लढत राहिला. १९०७ च्या जुलैमध्ये मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस, कलकत्त्याचे जुने स्नेही सिम्प्सन आणि इतर आठ नामवंतांनी टाइम्स वृत्तपत्रात त्याच्या बाजूने पत्र प्रसिद्ध केले. कित्येकांना या प्रकरणात फ्रान्समधल्या ड्रायफस खटल्याची छाया दिसली. आरोपी ज्यू, परका, आणि वैद्यकीय पदवी नसलेला. ब्रिटिश वैद्यकीय खात्यातल्या अनेकांना प्राणिशास्त्राचा हा रशियन पदवीधर आपल्या डोक्यावर बसलेला कधीच रुचला नव्हता. १९०७ च्या नोव्हेंबरात सरकारने त्याला दोषमुक्त केले. परळची खुर्ची मात्र परत मिळाली नाही, ती तोवर भरली गेली होती. कलकत्त्यास पाठवले, आणि तिथे माणसांवर नव्या लशीची चाचणी करण्याची परवानगी दिली नाही. ज्याने आयुष्यभर आधी स्वतःवर प्रयोग केला त्याला फक्त कागदावर विचार करण्याची मोकळीक उरली. पंचावन्नाव्या वर्षी, १९१५ मध्ये, तो निवृत्त होऊन युरोपला गेला.

तो गेला आणि तीन वर्षांनी, १९१८ च्या जूनमध्ये, मुंबईच्या गोदीत फ्लू उतरला. पावसाळ्यात जरा दम खाऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात तो दुसऱ्यांदा उसळला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. परळची प्रयोगशाळा उभी होती, चंबू होते, शिकलेली माणसे होती, पण उपाय सापडेना, कारण फ्लू हा जंतूमुळे नव्हे तर विषाणूमुळे होतो हेच कोणाला माहीत नव्हते. माणसाच्या फ्लूचा विषाणू १९३३ साली सापडला, लस १९४० च्या दशकात आली. आज टोचतात ती फ्लूची लस बहुतांशी हाफकिनच्याच तत्त्वावर आहे. रश्श्याऐवजी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवायचा, मग तो मारायचा, आणि त्याचे अवशेष शरीराला दाखवायचे. आत जिवंत काही नसल्यामुळे तिच्यापासून फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते, ती शरीराची ओळखपरेड असते. संरक्षण यायला दोनेक आठवडे लागतात. काकांचा मुद्दा दरवर्षीचा होता. त्याचे कारण असे की हा विषाणू बहुरूप्यासारखा वेष पालटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा नव्या वेषांची यादी काढते आणि लस त्याप्रमाणे बदलते. मुंबईत फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, म्हणून त्याआधी घेतलेली बरी.

हे सगळे मी घरी सांगितले. आजीला त्यातले काही पटले, काही नाही. पुढच्या खेपेस तिने डॉक्टरांना आपला प्रश्न सरळ विचारला. ते रागावले नाहीत. दरवर्षी आपण आधी घेतो, मग रोग्यांना सांगतो, असे ते म्हणाले. तिने तिथल्या तिथे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दंड दुखतो म्हणून पाणी भरायला मला लावले. काकांनी अजून घेतलेली नाही.

हाफकिनचे उरलेले आयुष्य पॅरिसजवळ आणि अखेरची दोन वर्षे स्वित्झर्लंडमध्ये लोझानला गेली. लग्न त्याने केले नाही. म्हातारपणी तो धर्माकडे वळला, ज्यू आचारधर्माच्या बाजूने त्याने लेखही लिहिला, आणि आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी ठेवली. ज्याने तरुणपणी सूक्ष्मदर्शकाशिवाय दुसरे काही पाहिले नाही त्याचे हे वळण अनेकांना नवलाचे वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या ओळखीपायी त्याला ओडेसात मार खावा लागला आणि लंडनमध्ये भांडावे लागले, ती त्याने शेवटी जवळ केली, एवढेच.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले. तेव्हाचे संचालक मॅकी यांचा त्यात पुढाकार होता. हाफकिनने त्यांना आभाराचे पत्र लिहिले. आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे आपण मुंबईच्या त्या कामात घालवली असे त्यात त्याने म्हटले होते. मुलकोवालनंतर ज्या शहरातून त्याला जावे लागले त्या शहराविषयी त्याने कडवट शब्द काढला नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे तो वारला. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्याच्या चेहऱ्याचे तिकीट काढले.